स्मार्ट लॉकचे सेल महिन्याभरात संपतात. कोणत्या कंपनीचे टाकावेत?

सेलची कंपनी बदलून काही होणार नाही. तुम्ही लिहिलंय की खोक्यावर वर्षभर चालतील असं छापलंय, तुमचे चार सेल महिनाही काढत नाहीत आणि दुकानदार म्हणतो, भारीतले टाका. हे 'भारीतले टाका' मी माझ्या सख्ख्या भावाकडून इतक्यांदा ऐकलंय की लिहिल्याशिवाय राहवलं नाही.

अल्कलाइन डबल ए, चारही एका पाकिटातले, चारही एकदम बदललेले, एवढं तुम्ही करत असालच. भिंतीवरच्या घड्याळात घालतो ते स्वस्तातले झिंक-कार्बन सेल लॉकला चालत नाहीत. मोटर फिरताना एकदम जोराचा करंट ओढते आणि त्या सेलांचं व्होल्टेज तिथल्या तिथं कोसळतं. रिचार्जेबलही नकोत. ते 1.2 व्होल्टचे, चार मिळून 4.8. अल्कलाइनचे चार म्हणजे 6. लॉक व्होल्टेज बघूनच बॅटरी किती उरली ते ठरवतं, त्यामुळे रिचार्जेबल घातले की ते आधीच बोंबलायला लागतं. सेलांबद्दल मला एवढंच म्हणायचंय. बाकी सगळी भानगड दारात असते, नाहीतर फोनमध्ये.

माझी आई कोल्हापुरात मंगळवार पेठेत जुन्या घरात एकटी राहते. मी राजारामपुरीत, भाऊ पुण्यात. आईच्या बोटांना संधिवात आहे, किल्ली फिरवताना जीव जातो, म्हणून भावानं हे लॉक मागवलं. विचार चांगलाच होता, त्यावर माझं काही म्हणणं नाही. बसवायला माणूस आला आणि भावानं पुण्यातून व्हिडिओ कॉलवर सगळ्या सेटिंग करून घेतल्या. वायफाय सुरू, दार मिटलं की काही सेकंदांत आपोआप लॉक, कुणी उघडलं की त्याच्या फोनवर मेसेज. तेव्हा एप्रिल होता. लाकूड कोरडं, बोल्ट, म्हणजे लॉकमधून निघून चौकटीत शिरणारा दांडा, विनातक्रार आत जायचा.

जूनमध्ये पाऊस लागला. जुलैत पंचगंगेवरचा राजाराम बंधारा पाण्याखाली गेला तोवर लॉक रोज लाल दिवा दाखवायला लागलं होतं. एक दिवस आई अंबाबाईच्या देवळातून आली आणि दारातच अडकली. मला फोन. "अगं, हे नुसतं कोकलतंय, उघडंना. मी शेजारी बसलोय, तू ये सावकाश." मी ऑफिसातून उठून भर पावसात गेले, माझ्याकडच्या साध्या किल्लीनं दार उघडलं आणि सेल बदलले. भावाला सांगितलं तर म्हणाला, "ताई, तू तिथले कुठलेतरी सेल घेत असशील." लक्ष्मीपुरीतनं पाकिटावरची तारीख बघून आणलेले सेल होते ते! थोड्याच दिवसांत पुन्हा तोच प्रकार आणि पुन्हा तेच उत्तर.

आता एक गोष्ट तुम्हीही करून बघा. लॉकमधून काढलेले 'संपलेले' सेल आईनं टाकले नाहीत, घड्याळात आणि टीव्हीच्या रिमोटमध्ये घातले. ते महिनोन् महिने चालले. म्हणजे सेलांत जीव होता. मोटर जोर लावून रेटते तेव्हा व्होल्टेज खाली बसतं आणि लॉकला वाटतं, बॅटरी गेली.

ती का रेटत होती ते आमच्या मिस्त्रींनी शोधलं. वडिलांच्या वेळेपासून आमच्याकडचं लाकूडकाम तेच करतात. आले होते स्वयंपाकघरातल्या फळ्यांसाठी. दार लागताना आवाज ऐकला आणि हातातलं काम टाकून पुढं आले. लॉककडे बघितलंसुद्धा नाही. दार सताड उघडं ठेवून आईला लॉक लावायला सांगितलं. छोटासा 'झर्र' आवाज, बोल्ट बाहेर. मग दार मिटून तेच. आता आवाज लांबला, मध्येच अडखळला, शेवटी 'टक्' झालं. "काकू, दार फुगलंय. ह्ये यंत्र रोज कुस्ती खेळतंय," म्हणाले. देवघरातलं कुंकू मागून घेतलं, पाण्याचा थेंब घालून बोल्टच्या टोकाला फासलं, दार मिटून लॉक लावलं आणि उघडलं. चौकटीवरच्या पट्टीत जे भोक असतं, त्याच्या खालच्या कडेवर लालभडक रेघ. भोकाच्या आत, मागच्या लाकडावरही कुंकवाचा ठिपका. दोन्ही दोष एकदम दिसले. दार ओल्यानं फुगून आणि वजनानं खाली बसून बोल्ट कडेला घासत होता, आणि भोक पुरेसं खोल नसल्यानं बोल्ट पूर्ण बाहेर यायच्या आधीच लाकडाला धडकत होता. अशा वेळी मोटर थांबत नाही. जोर लावत राहते, काही लॉकं मागं घेऊन पुन्हा प्रयत्न करतात, आणि प्रत्येक वेळी सेल पिळले जातात.

मिस्त्रींनी कानशीनं पट्टीची खालची कड घासली, पटाशीनं भोक खोल केलं, वरच्या बिजागरीचे ढिले स्क्रू काढून लांब स्क्रू मारले. चहा संपायच्या आत काम झालं. त्यानंतर उघड्या आणि मिटलेल्या दाराचा आवाज सारखाच यायला लागला. लॉक बसवायला आलेल्या माणसानं हे बघायला हवं होतं. दार तपासल्याशिवाय लॉक बसवून जाणं म्हणजे अर्धं काम, हे मी ठामपणे म्हणते. तुमच्याकडे लॉक लागताना दार गुडघ्यानं दाबावं लागत असेल किंवा कडी धरून ओढावं लागत असेल, तर दुसरं काही शोधत बसू नका. आधी मिस्त्री बोलवा.

दार नीट झाल्यावर सेल जास्त टिकले, पण हवे तेवढे नाहीत. उरलेला प्रश्न पुण्यात होता.

जुन्या घराच्या भिंती जाड, राऊटर मागच्या खोलीत. दाराशी वायफाय जेमतेम पोचायचं. लॉकला सतत राऊटरशी संबंध ठेवायचा असतो, रेंज कमी असली की त्याला जास्त ताकद लावावी लागते. पावसात लाईट गेली की राऊटर बंद, मग लॉक नेटवर्क शोधत बसणार, तेही सेलांवरच. वर भाऊसाहेब दिवसभर ॲप उघडून आई घरात आहे की बाहेर ते बघणार. प्रत्येक वेळी लॉकला जागं होऊन उत्तर द्यावं लागतं. आणि ते आपोआप लॉक! आई सकाळी दूध घ्यायला उघडणार, मग सडा-रांगोळीला, मग घंटागाडीला, मग फुलवाल्याला. दर खेपेला ती आत वळायच्या आत लॉक लागणार आणि पुन्हा उघडावं लागणार. त्यात वयानं बोटांचे ठसे पुसट झालेले, एका उघडण्यासाठी बोट तीनदा टेकवायचं. खोक्यावरचा वर्षभराचा हिशेब दिवसातल्या ठरावीक उघडझापीवर केलेला असतो. पेठेतल्या घराची सकाळ त्यात बसत नाही.

मी वायफाय बंद केलं, आपोआप लॉक बंद केलं, आईला आकडे दाबून उघडायला शिकवलं. भाऊ चिडला. "मग स्मार्ट लॉक घेतलंच कशाला?" आईला किल्ली फिरवावी लागू नये म्हणून घेतलं, तुला तिच्यावर नजर ठेवता यावी म्हणून नाही, हे मी त्याला तेव्हाही सांगितलं आणि आजही सांगते. काळजी वाटते तर फोन कर, ती संध्याकाळी फोनपाशीच बसलेली असते. लॉकच्या सेटिंग त्यानं ठरवाव्यात जो पावसात जाऊन सेल बदलतो. तुमच्या घरातही कुणीतरी लांबून ॲप बघत असेल, तर त्याला हे वाचायला द्या.

शेवटी दोघांनाही पटेल असं केलं. लॉक ब्लूटूथवर ठेवलं आणि त्याच कंपनीचा गेटवे, म्हणजे लॉक आणि राऊटर यांना जोडणारी छोटी डबी, दाराजवळच्या सॉकेटला लावला. इंटरनेटचं काम गेटवे करतो, भिंतीतल्या विजेवर. राऊटरला आणि गेटवेला छोटा यूपीएस. पैसे भावानं दिले, तेही सांगायला हवं. गणपतीत घातलेले सेल आम्ही गुढीपाडव्याला बदलले, तेही लाल दिवा लागायची वाट न बघता.

राहिलेल्या दोन-चार गोष्टी. तुमच्या लॉकमध्ये सेलऐवजी चार्ज करायचा लिथियम पॅक असेल तर वरचे व्होल्टेजचे आकडे लागू नाहीत, दाराचं आणि वायफायचं मात्र तेच. सेलांच्या कप्प्यात हिरवट-पांढरी पूड दिसली तर पत्र्या साफ केल्याशिवाय नवे सेल घालू नका. पाऊस थेट लॉकवर येत असेल तर वर छोटी पडवी करा, काही टचपॅड थेंबांनीही जागे होतात. साधी किल्ली घराबाहेर कुणा विश्वासातल्या माणसाकडे हवीच. बहुतेक लॉकांना बाहेरून 9 व्होल्टची बॅटरी टेकवायची किंवा पॉवर बँक जोडायची सोय असते, ती घरातल्या सगळ्यांना दाखवून ठेवा. आणि आपोआप लॉक मी बंद केलं ते आई रात्री आतून कडी घालते म्हणून. तुमच्याकडे दार उघडं राहायची सवय असेल तर बंद करू नका, वेळ वाढवा.

दार नीट करून घेऊन, वायफाय बंद करून, नवे अल्कलाइन सेल घालून दोन आठवडे बघा. तरीही बॅटरी झपाट्यानं उतरली तर बहुधा सर्किटमध्येच दोष आहे. मग वॉरंटीत अख्खं लॉक बदलून मागा, "सेल बदलून बघा" हे उत्तर घेऊन परत येऊ नका. तुमचं दार लाकडी आहे की लोखंडी, ते प्रश्नात नाही. तेवढं लिहा.