तलफ भागते ती वेगामुळे

प्रश्न : मी हर्णैचा, वय ४६, लाँचवर तांडेल आहे. ऐन तरुणपणापासून सिगारेट ओढतो, दिवसाला पंधरा-वीस होतात. उठल्या उठल्या पहिली लागतेच. भाचा जहाजावर नोकरीला आहे, त्यानं व्हेप, म्हणजे बॅटरीवरची ई-सिगारेट, आणून दिली. "मामा, हिच्यावर सिगारेट सुटते," म्हणाला. ओढून पाहिली, पण जाळं वर घेतल्यावर जी तलफ येते ती काही भागत नाही. निकोटिन तर हिच्यातही आहे, मग असं का? आणि सिगारेट खरंच सुटेल का?

उत्तर : निकोटिन असणं वेगळं आणि ते मेंदूला चटकन भिडणं वेगळं. सिगारेटच्या धुरातलं निकोटिन फुप्फुसांतून रक्तात उतरतं आणि दहा-वीस सेकंदांत मेंदू गाठतं. एका सिगारेटीतलं जेमतेम एक-दीड मिलिग्रॅम अंगात जातं, पण जातं ते झपाट्यानं, आणि चटक लागते ती या झपाट्याची. पुढं दोनेक तासांत रक्तातलं प्रमाण निम्म्यावर येतं आणि हात पुन्हा खिशाकडे वळतो.

व्हेपमध्ये काही जळत नाही. बॅटरीवर तापलेली बारीक तार निकोटिनच्या द्रवाची वाफ करते. सुरुवातीच्या यंत्रांतून फारच थोडं निकोटिन मिळायचं. पुढं द्रवात बेंझोइक आम्ल घालून निकोटिनचे क्षार वापरायला लागले. ते घशाला कमी झोंबतात, म्हणून जास्त निकोटिन ओढता येतं. अशी काही यंत्रं सिगारेटच्या बरीच जवळ पोचतात. तुमचं यंत्र कुठलं ते पत्रात नाही. पण तुम्ही सिगारेटचा सराव असलेला आखूड झुरका मारत असणार. व्हेपवर मुरलेली माणसं तीन-चार सेकंद सावकाश ओढतात. शिवाय तलफ नुसत्या निकोटिनची नसते. निकोटिन जवळपास काढून टाकलेली सिगारेट दिली तरी तलफ थोडा वेळ शमते, हे प्रयोगांत दिसलं आहे. घशाला बसणारा तो चटका, बोटांतली कांडी, जाळं वर आल्यावरचा तो मोकळा क्षण, हे सगळं मेंदूनं एकत्र बांधून ठेवलेलं असतं.

आता सुटेल का? इंग्लंडमध्ये ८८६ जणांवर झालेला एक अभ्यास २०१९ साली प्रसिद्ध झाला. वर्षभरानंतर व्हेपवाल्यांपैकी १८ टक्के सिगारेटपासून दूर होते, निकोटिनचे च्युइंगगम, अंगाला चिकटवायच्या पट्ट्या वगैरे घेणाऱ्यांपैकी ९.९ टक्के. मात्र व्हेपनं सिगारेट सोडलेल्यांतले ८० टक्के तेव्हाही व्हेप ओढत होते. धुरातलं डांबर आणि कार्बन मोनॉक्साइड व्हेपमध्ये नसतात, म्हणून सिगारेटपेक्षा तिचा अपाय कमी, हे मी तुमच्यापासून लपवणार नाही. पण तिथल्या मालावर सरकारचं नियंत्रण होतं आणि जोडीला समुपदेशन होतं. आपल्याकडे २०१९च्या कायद्यानं व्हेपची आयात, विक्री, साठवण सगळंच बंद आहे. आयातीला पहिल्याच गुन्ह्यात एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. भाच्याला हे आजच सांगा, पोराच्या नोकरीचा प्रश्न आहे. चोरून येणाऱ्या द्रवात काय आहे हे तपासणारं इथं कुणी नाही, म्हणून मी ती तुम्हाला सुचवणार नाही.

तुमच्यासाठी पट्टी आणि गम दोन्ही मिळून घ्या, एकट्यापेक्षा जोडीचा गुण जास्त येतो. पट्टी दिवसभर संथपणे निकोटिन देते, मध्येच उसळणाऱ्या तलफेला गम. उठल्या उठल्या ओढणाऱ्याला सहसा ४ मिलिग्रॅमचा गम लागतो, त्याला डॉक्टरची चिठ्ठी हवी. तेव्हा आधी डॉक्टरांना भेटा, छातीत दुखत असेल किंवा रक्तदाब असेल तर तेही सांगा.

गम मात्र पानासारखा चघळत राहू नका. हळूहळू चावा, जिभेवर चुणचुण आली की गाल आणि हिरडीच्या मधे दाबून ठेवा. चुणचुण गेली की पुन्हा चावा. असं अर्धा तास. भराभर चावून लाळ गिळली तर उचकी लागते, छातीत जळजळतं आणि तलफही भागत नाही, कारण गिळलेलं निकोटिन बरंचसं यकृतातच संपतं. आणि सोलकढी, कोकम सरबत, कॉफी यांच्यानंतर पंधरा मिनिटं गम तोंडात घालू नका. तोंडात आंबटपणा असला की निकोटिन आत शिरत नाही. जेवण झाल्या झाल्या गम घेऊन "काही उपयोग नाही हो डॉक्टर" म्हणणारे खलाशी मी पाहिले आहेत. त्यांची सोलकढी आड येत होती.

गमचा असर यायला वेळ लागतो, म्हणून जाळं वर ओढायच्या वीसेक मिनिटं आधीच तो तोंडात ठेवा. पहिले दोन-तीन दिवस सगळ्यात कठीण जातात, पुढं दोन ते चार आठवड्यांत जोर ओसरतो. जून-जुलैच्या मासेमारीबंदीची वाट पाहू नका. किनाऱ्यावर जाळी विणत बसल्यावर बिडी हातोहात फिरते, त्यापेक्षा लाँचवर पाकीटच न नेणं सोपं. १८००-११-२३५६ या मोफत क्रमांकावर समुपदेशक बोलतात, बंदरावर असताना फोन करा.