गुण चारने घटले. सुधारणा म्हणायची का?

प्रश्न : नैराश्य मोजायला मी पीएचक्यू-९ ही प्रश्नावली वापरते. एका क्लायंटचे गुण पहिल्या सत्रात १६ होते, सहाव्यात १२ आले. ‘समुपदेशनामुळे सुधारणा’ असं अहवालात लिहू का?

उत्तर : नको. ‘गुण १६ वरून १२ वर आले’ एवढंच लिहा. हा फरक खरा आहे का आणि तो समुपदेशनामुळेच पडला का, हे दोन्ही अजून ठरायचं आहे.

या प्रश्नावलीत ९ प्रश्न, प्रत्येकाला ० ते ३, एकूण २७ गुण. साधारणपणे ५ गुणांचा फरक दखल घेण्याजोगा मानतात. तुमचा ४ आहे. गुणांवरून नैराश्याच्या तीव्रतेचे गट पाडतात; १५ च्या रेषेखाली आल्याने क्लायंट ‘मध्यम’ गटात गेली हे खरं, पण १५ वरून १४ वर आलेला माणूसही त्याच गटात जातो. गटाच्या नावावर भिस्त ठेवू नका.

स्वतः पडताळायचं तर जेकबसन आणि ट्रुअक्स यांनी १९९१ मध्ये मांडलेली पद्धत वापरा. समजा, प्रमाण विचलन (गटातले गुण किती विखुरलेत) ६ आणि विश्वसनीयता (मापन किती भरवशाचं, ० ते १ मध्ये) ०.८४. मग मापनाची त्रुटी ६ × √(१ − ०.८४), म्हणजे २.४. दोन मापनांतल्या फरकासाठी तिला √२ ने गुणलं की ३.४, आणि ९५ टक्के खात्रीसाठी त्याला १.९६ ने गुणलं की सुमारे ६.७. या आकड्यांनी ७ गुणांहून कमी घट निव्वळ मापनातल्या हेलकाव्यामुळेही दिसू शकते. तुमच्या गटाचे आकडे वेगळे असतील, ते घालून गणित करा.

आता कारण. माणसं बहुधा अगदी असह्य झाल्यावर समुपदेशकाकडे येतात, त्यामुळे पुढचे गुण काही न करताही थोडे उतरतात. म्हणून सुरुवातीचं मापन एकदाच घेऊ नका. वेळ ठरवताना, नोंदणीच्या वेळी आणि पहिल्या सत्राआधी असं दोन-तीनदा घ्या. प्रश्न मागच्या दोन आठवड्यांबद्दल असतात, तेव्हा दोन मापनांत तेवढं अंतर ठेवलेलं बरं. प्रश्नावली सत्राआधीच भरून घ्या. सत्र संपल्यावर तुमच्यासमोर भरली की ‘ताईंना वाईट वाटायला नको’ म्हणून कमी गुणांवर खूण होते. आणि नेमके कुठले ४ गुण घटले ते बघा. फक्त झोपेचे आणि भुकेचे असतील, तर मध्ये औषध सुरू झालं का, हे आधी विचारा.

प्रश्न : एकूण गुण ६ च, पण नवव्या प्रश्नाला ‘काही दिवस’ असं उत्तर. काय करावं?

उत्तर : एकूण गुण बाजूला ठेवा. हा प्रश्न मरणाच्या किंवा स्वतःला इजा करण्याच्या विचारांचा आहे. त्याच सत्रात स्पष्ट विचारा : विचार किती वेळा येतात, काही ठरवलंय का, साधन हाताशी आहे का, पूर्वी प्रयत्न झाला होता का. विचारल्याने तो विचार मनात रुजत नाही. सुरक्षिततेची योजना लिहून झाल्याशिवाय सत्र संपवू नका; धोका जवळचा वाटला तर क्लायंटला एकटं न सोडता तातडीची वैद्यकीय मदत मिळवा. पर्यवेक्षकांना त्याच दिवशी कळवा.

प्रश्न : २० पैकी १२ जणांनीच शेवटची प्रश्नावली भरली. त्यांचीच सरासरी द्यावी का?

उत्तर : द्या, पण ‘२० पैकी १२’ हे शेजारीच लिहा आणि उरलेल्या ८ जणांचे सुरुवातीचे गुणही दाखवा. ते जास्त असतील, तर ज्यांना जास्त त्रास होता तेच गळाले आणि तुमची सरासरी आहे त्यापेक्षा चांगली दिसतेय, अशी दाट शक्यता आहे. पुढच्या वेळी प्रश्नावली प्रत्येक सत्राआधी घ्या, म्हणजे मध्येच सोडून गेलेल्यांचेही शेवटचे गुण हाती राहतात.