सत्र कुणाचं? समुपदेशनाबद्दल वाचकांचे प्रश्न

व्यक्तिकेंद्री समुपदेशनाबद्दल येणाऱ्या पत्रांत एकच घोळ वेगवेगळे वेष घेऊन भेटतो. कुणाला वाटतं, क्लायंटच्या कलाने चालायचं म्हणजे समुपदेशकाने नुसतं ‘हं, हं’ करत बसायचं. कुणाला वाटतं, जो फी भरतो त्याच्या कलाने चालायचं. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ कार्ल रॉजर्स यांनी 1940 च्या दशकात ही पद्धत मांडली तेव्हा त्यांचं म्हणणं सरळ होतं: कुठे दुखतंय आणि कुठल्या दिशेने जायचंय, हे सर्वांत जास्त त्या माणसालाच ठाऊक असतं. एवढं लक्षात ठेवलं तर खालचे निम्मे प्रश्न पडलेच नसते. पण पडलेत, तर उत्तरं देते.

प्रश्न: चार सत्रं झाली. ‘नोकरी सोडू का?’ असं विचारलं की समुपदेशक मलाच विचारतात, ‘तुम्हाला काय वाटतं?’ मला काय वाटतं ते कळत असतं तर गेलो कशाला असतो? पैसे कशाचे मोजतोय मी?

तुमची चिडचिड निम्मी रास्त आहे. नोकरी सोडा किंवा सोडू नका हे सांगणारे तुमच्या आजूबाजूला पुष्कळ असतील. त्यांच्यामुळे प्रश्न सुटला असता तर तुम्ही समुपदेशकाकडे गेलाच नसता. पण तुमचं वाक्य पोपटासारखं तुम्हालाच परत करणं म्हणजेही समुपदेशन नव्हे. रॉजर्स यांनी 1957 मध्ये ज्या अटी मांडल्या, त्यांतल्या तीन समुपदेशकाने पाळायच्या आहेत: खरेपणा, विनाअट स्वीकार आणि समोरच्याचं जग आतून समजून घेणं. या तिसऱ्या अटीला डोकं लागतं. नीट ऐकणारा समुपदेशक म्हणेल, ‘नोकरी सोडण्याचा विषय निघाला की दर वेळी आधी वडिलांचा उल्लेख येतो. तुमच्या लक्षात आलंय का ते?’ हे ना सल्ला, ना पोपटपंची. पैसे त्याचे.

शिवाय क्लायंटच्या कलाने जायचं म्हणजे माहिती दडवायची असं कुणी सांगितलेलं नाही. छातीत धडधड का होते, झोप उडाली की काय होतं, हे विचारलंत तर सरळ उत्तर मिळालंच पाहिजे. पुढच्या सत्राच्या सुरुवातीलाच विचारा: ‘आपण काय साधायचं ठरवलंय, आणि ते कसं साधणार आहोत?’ दोघांचं उत्तर जुळत नसेल तर ते सत्र त्यावरच खर्च करा. त्यांना उत्तरच देता आलं नाही, तर दुसऱ्या समुपदेशकाचं मत घ्या.

प्रश्न: एका केंद्रात 20 सत्रांचं पॅकेज आगाऊ घेतलं तर सवलत आहे. घ्यावं का?

नाही. पहिली भेटही झालेली नसताना 20 हा आकडा आला कुठून? एका नावाजलेल्या अभ्यासात (1986) दोन हजारांवर रुग्णांची माहिती एकत्र केली होती. आठव्या सत्रापर्यंत साधारण निम्म्या लोकांत सुधारणा दिसली, तर सव्विसाव्यापर्यंत सुमारे तीन चतुर्थांश लोकांत. ही सरासरी आहे. तुम्ही त्यात कुठे बसता हे सुरुवातीला कुणीच सांगू शकत नाही, सवलत देणारा तर नाहीच. आगाऊ पैसे भरलेला माणूस पटत नसलं तरी जात राहतो, आणि पॅकेजचा हिशेब त्यावरच चालतो. सत्रागणिक पैसे द्या. चार-सहा सत्रांनी मिळून आढावा घ्यायचा, हे पहिल्याच भेटीत ठरवून टाका.

प्रश्न: मी जन्मापासून कर्णबधिर आहे, सांकेतिक भाषा वापरते. एका समुपदेशिकेने कळवलं, ‘आम्ही सर्वांना सामावून घेतो, भावाला दुभाषा म्हणून सोबत आणा.’ भाऊ आनंदाने तयार आहे. आणू ना?

आणू नका. भाऊ कितीही गुणी असला तरी नको.

यावर मी जरा लांबण लावणार आहे, कारण हा प्रकार मला फार छळतो. ‘सर्वांना सामावून घेतो’ हे वाक्य लिहायला काही लागत नाही. ते खरं करायला खुर्च्या हलवाव्या लागतात, वेळ वाढवावा लागतो, योग्य माणूस शोधावा लागतो. इथे ती सगळी मेहनत तुमच्या भावाच्या अंगावर ढकललेली दिसते.

भाऊ दुभाषा झाला की काय होतं पाहा. घरातल्या भांडणाबद्दल बोलायचं, तर ते घरातल्याच माणसाच्या तोंडून जाणार. तुम्ही रागाने काही सांगाल, तो ते मऊ करून सांगेल. त्यात वाईट हेतू नसतो, प्रेमच असतं. तिकडून अवघड प्रश्न आला तर तो अर्धा गाळेल. आणि त्याच्याबद्दलच बोलायचं असेल तर? थोड्या वेळात समुपदेशिका त्याच्याकडे बघून म्हणू लागेल, ‘तिला विचारा, झोप कशी लागते?’ त्या ‘तिला’बरोबर सत्र तुमच्या हातून गेलं.

प्रशिक्षित दुभाषा मागा. गुप्तता पाळणं, आपल्या पदरचं काही न घालणं आणि काही न गाळणं हे त्याच्या कामाचेच नियम असतात. त्याचं नाव आधी विचारून घ्या. कर्णबधिरांचा समुदाय बहुतेक ठिकाणी लहान असतो आणि दुभाषे त्याहून थोडे, त्यामुळे तो तुमच्या ओळखीचा निघण्याची शक्यता बरीच. नको असेल तर नाही म्हणा, कारण सांगायची गरज नाही.

बसण्याची जागाही ठरवून घ्या. दुभाषाने समुपदेशिकेच्या शेजारी, किंचित मागे बसावं, म्हणजे तुम्हाला दोघं एका नजरेत दिसतात. तिच्या पाठीमागे खिडकी नको. उजेड मागून आला की चेहरा काळवंडतो. तिने तुमच्याकडे पाहून ‘तुम्हाला काय वाटलं?’ असं थेट विचारायचं. हातात कागद दिला तर तो वाचून होईपर्यंत गप्प बसायचं, कारण तुमचे डोळे एका वेळी दोन ठिकाणी असू शकत नाहीत. नेहमीचं 50 मिनिटांचं सत्र अपुरं पडतं; जास्त वेळ मागा, आणि ती मेहेरबानी समजू नका.

‘मग लिहून बोलू’ किंवा ‘ओठ वाचता येतात ना?’ ही दोन उत्तरं हमखास येतील. सांकेतिक भाषेचं व्याकरण स्वतंत्र आहे. लिहिलेली भाषा ही तुमची दुसरी भाषा असेल, तर मनातलं सांगायला ती तोकडी पडू शकते. ओठांवर सगळे ध्वनी दिसतच नाहीत, बरंचसं अंदाजानेच भरून काढावं लागतं. आणखी एक. भुवया उंचावणं, गाल फुगवणं, मान हलवणं हे तुमच्या भाषेत व्याकरणाचं काम करतं. हे ठाऊक नसलेला माणूस ते पाहून नोंदवहीत ‘अतिशय भावनाप्रधान’ असा शेरा मारून मोकळा होतो. तो शेरा पुढच्या प्रत्येक तज्ज्ञाकडे तुमच्याबरोबर जातो.

तेव्हा पहिल्या भेटीआधीच लिहून विचारा: दुभाषा कोण आणणार, त्याचा खर्च कुणाचा, वेळ किती? सांकेतिक भाषा येणारा समुपदेशक व्हिडिओवर मिळत असेल तर आधी त्याच्याशी बोलून पाहा. या बाईंनी उत्तर द्यायला टाळाटाळ केली तर त्यांच्या सामावून घेण्याचा अंदाज तुम्हाला तिथेच येईल.

प्रश्न: मला स्त्री समुपदेशकच हवी आहे. असं मागणं वाईट दिसेल का?

नाही. वेळ ठरवतानाच सांगा.

प्रश्न: आमच्या 19 वर्षांच्या मुलाने तो समलिंगी असल्याचं सांगितलं. एक समुपदेशक तीन महिन्यांत ‘खात्रीने बदल’ घडवतो म्हणतात. मुलाची इच्छा नाही, पण आमच्यासाठी जाईल म्हणतो.

त्याला तिथे नेऊ नका. समलैंगिकता हा आजार नाही. अमेरिकेतल्या मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने 1973 मध्ये ती आजारांच्या यादीतून काढली, जागतिक आरोग्य संघटनेने 1990 मध्ये. असे ‘बदलाचे’ उपचार अशास्त्रीय आणि घातक आहेत, असं जागतिक मानसोपचार संघटनेने 2016 मध्ये स्पष्ट सांगितलं. लैंगिक कल या उपचारांनी बदलत नाही; नैराश्य, स्वतःची घृणा आणि आत्महत्येचे विचार मात्र पदरी पडू शकतात. आणि या पेशात कसलीही खात्री देणारा माणूस एक तर अडाणी असतो, नाहीतर लबाड.

‘आमच्यासाठी जाईल’ हे तुमचं वाक्य पुन्हा वाचा. त्याने तुमच्यावर विश्वास टाकून स्वतःची गोष्ट सांगितली, आणि आता तुमचा जीव शांत व्हावा म्हणून तो उपचार घ्यायला तयार आहे. अस्वस्थ तुम्ही आहात, तर समुपदेशकाकडे तुम्ही दोघांनी जा. भीती, दुःख, ‘आमचं काय चुकलं?’ हे सगळं तिथे बोला, मुलासमोर नको. त्याला स्वतःला कुणाशी बोलावंसं वाटलं तर समुपदेशक त्याने निवडावा आणि विषयही त्यानेच. तुमचं काम त्याला वाट मोकळी ठेवण्याचं.

प्रश्न: मोबाइलवरच्या चाचणीत मला ‘व्यक्तिमत्त्व विकार’ निघाला. समुपदेशकाला सांगू की आधी खात्री करू?

चाचणीत निदान निघत नाही. काय काय जाणवतं ते लिहून मानसोपचारतज्ज्ञाकडे जा, आणि तोवर आणखी चाचण्या देत बसू नका.

प्रश्न: मैत्रिणीच्या मनात आत्महत्येचे विचार येतात. समुपदेशकाला सांगितलं तर ते घरी कळवतील, या भीतीने ती गप्प आहे. पुढचं सत्र दहा दिवसांनी आहे, तेव्हा सांगेन म्हणते.

दहा दिवस थांबायचं नाही. हे वाचून झाल्यावर तिला फोन करा आणि सरळ विचारा: ‘जीव द्यायचा विचार येतोय का? कसा, कधी, ठरवलंयस का?’ असं विचारल्याने डोक्यात नसलेला विचार शिरतो ही ऐकीव गोष्ट आहे. उलट विचारल्याने बरेचदा माणूस मोकळा होतो. तिने काही ठरवलेलं असेल किंवा साधन जवळ असेल तर तिला एकटी सोडू नका, साधन दूर करा आणि आजच तिला रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात न्या. ठरवलेलं नसलं तरी समुपदेशकाला आज कळवून लवकरची वेळ मागा, आणि तुमच्या भागातल्या हेल्पलाइनचा नंबर तिच्या फोनमध्ये घालून द्या.

गुप्ततेला मर्यादा असते, हे खरं आहे. जिवाला थेट धोका असेल तर समुपदेशक गुप्तता मोडू शकतात, काही ठिकाणी त्यांना ती मोडावीच लागते, आणि हे पहिल्या भेटीत सांगणं त्यांचं कर्तव्य असतं. पण नुसता विचार बोलून दाखवला म्हणून चांगला समुपदेशक लगेच घरी फोन लावत नाही. कुणाला, किती आणि कसं सांगायचं हे तो शक्य तितकं तिच्याशी बोलूनच ठरवतो. ‘कुठल्या परिस्थितीत तुम्ही घरी सांगाल?’ असं तिला थेट विचारता येईल.

प्रश्न: समुपदेशक पटत नाहीत. सांगावं, की जाणंच बंद करावं?

सांगा. ‘मागच्या वेळचं तुमचं बोलणं मला लागलं’ हे वाक्य ऐकायची सवय त्यांना असायला हवी. ते ऐकून त्यांनी वाद घातला नाही आणि रीत बदलली, तर आणखी दोन सत्रं जाऊन पाहा. नाही बदलली तर दुसऱ्या कुणाचं नाव त्यांच्याकडूनच मागा.

अपवाद आहेत. समुपदेशकाने लैंगिक जवळीक साधायचा प्रयत्न केला, तुमच्याकडे उसने पैसे मागितले किंवा स्वतःची खासगी कामं सांगितली, तर समजूतदारपणा दाखवायला परत जाऊ नका. काय घडलं ते तारखेसह लिहून ठेवा, विश्वासातल्या एका माणसाला सांगा आणि त्यांची नोंदणी जिथे असेल तिथे तक्रार करा.