बीटलचे ब्रेक आपोआप धरतात आणि सायलेन्सर फटाके फोडतो, सुरुवात कुठून करू?

तुमचं म्हणणं असं की १९६५ ची फोक्सवॅगन बीटल आहे, दहा-बारा किलोमीटर चालली की ब्रेक आपोआप धरतात, तासभर उभी केली की सुटतात, उतारावर अ‍ॅक्सिलरेटर सोडला की मागून फटाके, आणि गॅरेजवाला म्हणतोय मास्टर सिलिंडर, म्हणजे पेडल दाबलं की चारही चाकांकडे ब्रेक ऑइल ढकलतो तो भाग, बदला.

नका बदलू. म्हणजे शेवटी बदलावा लागेलही, पण पहिलं काम ते नाही. हेच मी आमच्या दादाला गेली कितीतरी वर्षं सांगतोय आणि तो ऐकत नाही, म्हणून तुमचा प्रश्न दिसल्यावर जेवण सोडून लिहायला बसलोय.

आधी तपासा. ब्रेक धरलेले असतानाच, गाडी गार व्हायच्या आत, चाकांना दगड लावा आणि जे चाक सगळ्यात तापलंय त्याचा ब्लीडिंगचा निपल (चाकामागचा ब्रेक ऑइल सोडायचा स्क्रू) अर्धा आटा ढिला करा. ऑइल पिचकारीसारखं येईल, पेंटवर पडू देऊ नका, रंग सोलवटतो. आता फक्त तेवढंच चाक सुटलं तर त्या चाकाचा रबरी होज, म्हणजे ऑइल नेणारी नळी, गेलाय. बाहेरून कोरा दिसतो पण आतून सुजलेला असतो, तुम्ही पायाने जोर लावता तेव्हा ऑइल जातं, पण शूच्या (चाकाच्या ड्रमला आतून घासून ब्रेक लावणाऱ्या पट्टीच्या) स्प्रिंगला ते परत ढकलायला जमत नाही. होज चार आहेत, चारही बदला, एकच बदलून पैसे वाचवणाऱ्या माणसाशी मला बोलायचं नाही. आणि एक निपल ढिला केल्यावर चारही चाकं मोकळी झाली तर भानगड पुढे, पेडलपाशी आहे.

आमची चारही सुटली होती, आणि तिथूनच भांडण सुरू झालं.

२०११ चा डिसेंबर, चिपळूणला आत्तेबहिणीचं लग्न. बाबा जाऊन दीड वर्ष झालेलं, गाडी त्यांची, ६४ ची, कोल्हापुरातल्याच एका डॉक्टरांकडून घेतलेली. दादा म्हणाला गाडी घेऊन जाऊ, बाबांना बरं वाटलं असतं. दादा चालवतोय, मी शेजारी, आई मागे, पुढच्या डिकीत आहेराच्या साड्या. कराड, पाटण मस्त गेलं. कोयनानगरपाशी दादा म्हणाला पेडल वर आल्यासारखं वाटतंय, मी म्हटलं चांगलंय की, घाटात उपयोगी पडेल. (यावर नंतर येतो.) हेळवाक सोडून कुंभार्लीच्या उतरणीला लागलो तर उतारावर सुद्धा गाडीला रेस द्यावी लागायला लागली, आणि मग तो वास. शूवरचं लायनर जळतानाचा वास एकदा नाकात बसला की जात नाही.

एका रुंद वळणावर बाजूला घेतली. पुढच्या ड्रमवर बाटलीच्या झाकणातलं पाणी शिंपडलं तर चर्र झालं. (हे करू नका, तापलेल्या ड्रमवर पाणी म्हणजे चीर जायचं आमंत्रण, आमचं नशीब.) मी म्हणतोय होज, दादा म्हणतोय मास्टर सिलिंडर, एसटीवाले हळू करून बघतायत, आई आतून म्हणतीये अरे आधी मला उतरवा. दादाने बाबांचा कॅनव्हासमध्ये गुंडाळलेला पान्यांचा संच काढला, स्टिअरिंग वळवून पुढच्या डाव्या चाकामागे हात घातला आणि निपल फिरवला. पिचकारी उडाली आणि गाडी चालायला लागली! ब्रेक जाम आहेत म्हणून ना हँडब्रेक ओढला होता ना दगड लावला होता. मी पळत जाऊन बंपर धरला, म्हणजे नुसता धरला, त्याने काय होणार होतं कुणास ठाऊक. आईने मागून वाकून हँडब्रेक ओढला. तो केबलवर चालतो, त्याचा ऑइलशी संबंध नाही, हे तिला माहीत असायचं कारण नव्हतं, पण ओढला. म्हणून वर आधी दगड म्हटलंय.

पुढे दुसऱ्या गिअरमध्ये, मध्ये एकदा परत निपल सोडून आणि ब्रेक ऑइलच्या टाकीत ऑइल भरून, पोफळीला उतरलो.

कोल्हापूरला आल्यावर दादाने परदेशातून नवा मास्टर सिलिंडर मागवला, गॅरेजवाल्याने बसवला, गाडी झाली नीट. तेव्हापासून प्रत्येक दिवाळीला, प्रत्येक बारशाला, “मी सांगितलं होतं मास्टर सिलिंडर.”

आता खरी गोष्ट. मास्टर सिलिंडरच्या आत एक बारीकसं भोक असतं. पाय काढलात की पिस्टन पूर्ण मागे येतो, भोक उघडं होतं आणि तापून फुगलेलं ऑइल त्यातून वरच्या टाकीत जातं. पिस्टन केसभर जरी पुढे राहिला तरी भोक झाकलेलं राहतं. मग ऑइल तापतं, फुगतं, जायला जागा नाही म्हणून शू ढकलतं, त्याने ड्रम आणखी तापतो. तुमच्याकडे बहुतेक हेच होतंय. म्हणून पेडलचा रॉड आणि पिस्टन यांच्यामध्ये साधारण १ मिलिमीटर जागा लागते. पेडल बोटाने दाबलं की आधी थोडं मोकळं हललं पाहिजे, ते हलत नसेल तर पेडलच्या मागची स्टॉपची पट्टी बघा, बोल्ट ढिला केला की सरकते. कोणीतरी सरकवलेली असणार.

आमच्यात ती मी सरकवली होती. लग्नाच्या आधीच्या रविवारी. पेडल मोकळं हलतंय म्हणजे ब्रेक उशिरा लागतो असं मला वाटलं, बाबा असते तर हातावर मारलं असतं. नवीन सिलिंडर बसवताना गॅरेजवाल्याने जागा नीट ठेवली आणि श्रेय सिलिंडरला गेलं. पुढच्या वर्षी दादा टूरवर असताना मी जुना सिलिंडर साफ केला, नवं रबर किट टाकलं, तोच परत बसवला, आणि गाडी त्यावर दोन वर्षं चालली. दादाला हे दोन्ही सांगितलेलं नाही. तो इंग्लंडहून आलेला सिलिंडर आजही माझ्या कपाटात आहे, तेलकट फडक्यात.

आता सायलेन्सर. उतारावरचे फटाके म्हणजे बहुतेक वेळा जॉइंटमधून बाहेरची हवा आत ओढली जाते आणि न जळलेलं पेट्रोल मागे पेटतं. सकाळी थंड इंजिन चालू करा, दोन्ही टेलपाइपवर ओलं फडकं दाबा, जिथे फुस्स वाजेल तिथे पॅकिंग गेलंय. क्लॅम्पच्या रिंगा आणि सायलेन्सरचे पाइप इंजिनच्या हेडला जोडतात तिथली पॅकिंग एकदमच बदला. नट कोरडे फिरवू नका, आदल्या रात्री तेल सोडा, तरी हलले नाहीत तर नट गरम करा. हेड अ‍ॅल्युमिनियमचं आहे, स्टड (नट बसतो तो आट्यांचा दांडा) आत तुटला की संपलं, मग इंजिन उतरवून उद्यमनगरात लेथवाल्याकडे. माझा एक तुटलाय. वरून वेल्डिंग मारून देतो म्हणणाऱ्याला चहा पाजा आणि निरोप द्या.

हे खरं तर पहिल्यांदा लिहायला हवं होतं: गाडीत बसल्यावर धुराचा वास येतो का? बीटलमध्ये हीटरची हवा एक्झॉस्टच्या पाइपाभोवती तापून केबिनमध्ये येते. ही हवा जिथे तापते तो डबा, हीट एक्सचेंजर, सडला असेल तर धूर आत येतो, आपण हीटर वापरत नाही म्हणून लक्षातच येत नाही, पण झडपा कुठे नीट बंद होतात. आणि धुरातल्या कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूला वासच नसतो, त्यामुळे वास नाही म्हणून निवांत राहू नका. आमची आई वर्षानुवर्षं मागे बसायची आणि डोकं धरायची, आम्ही म्हणायचो आईला गाडी लागते. आवळासुपारी द्यायचो. २०१३ ला दोन्ही एक्सचेंजर काढले तर डावीकडच्याला आतून दोन बोटं जातील एवढं भोक. बदलल्यापासून तिचं डोकं दुखल्याचं ऐकलं नाही. पुरावा म्हणाल तर नाही.

राहिलं एक, तुमच्या गाडीत ब्रेकचं एकच सर्किट आहे, एक पाइप फुटला की चारही चाकांचे ब्रेक गेले. अमेरिकेतल्या गाड्यांना ६७ च्या मॉडेलपासून दोन सर्किट मिळाली, तशी करून घेता येतात, जमलं तर करा. आणि हे सगळं होईपर्यंत घाटात जाऊ नका, गॅरेजला न्यायची तर टो करून न्या.

निपल ढिला केल्यावर किती चाकं सुटली ते इथे लिहा, एक की चार.