‘एवढं कळायला प्रयोग कशाला?’

प्रश्न : मी मानसशास्त्राच्या पहिल्या वर्षाला आहे. पुस्तकातला एखादा निष्कर्ष घरी वाचून दाखवला की बाबा म्हणतात, “हे तर सगळ्यांनाच माहीत आहे, एवढं कळायला प्रयोग कशाला?” खरं सांगायचं तर मलाही कधी कधी तसंच वाटतं. त्यांना काय उत्तर देऊ?

उत्तर : उत्तर देऊच नकोस, बाबांनाच कामाला लाव. दुसऱ्या महायुद्धातल्या अमेरिकन सैनिकांच्या पाहणीत जास्त शिकलेल्यांमध्ये मानसिक त्रासाची लक्षणं अधिक दिसली, असं सांग आणि विचार, का बरं? कारण लगेच मिळेल : शिकलेला माणूस विचार फार करतो, हालअपेष्टांची सवय नसते. त्यांचं बोलून होऊ दे. मग सांग की प्रत्यक्षात उलट आढळलं होतं. त्रास कमी शिकलेल्यांना जास्त होता.

ही खोडी माझी नव्हे. समाजशास्त्रज्ञ पॉल लाझार्सफेल्ड यांनी १९४९ मध्ये या पाहणीबद्दल लिहिताना असे ‘उघड’ निष्कर्ष ओळीने मांडले आणि शेवटी सांगितलं, सगळे उलटे आहेत!

मी वर्गात याचीच छोटी आवृत्ती करते. अर्ध्या मुलांना चिठ्ठी देते : ‘एखादी गोष्ट वारंवार दिसली की आवडू लागते.’ उरलेल्यांना : ‘नकोशी होते.’ दोन्हीकडे माना डोलतात. एका गटाला सहवासातली माया आठवते, दुसऱ्याला ‘अतिपरिचयात अवज्ञा’. म्हणींचं हेच सुख, कोणताही निकाल लागो, एक तयार असते. मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट झायॉन्क यांनी १९६८ मध्ये निरर्थक शब्द, अनोळखी चिन्हं आणि चेहऱ्यांचे फोटो कमीअधिक वेळा दाखवून पाहिले, तेव्हा जास्त वेळा दिसलेलं जास्त आवडलं. (मुळातच किळस येणारी वस्तू दाखवत राहिलात तर माझी हमी नाही.)

बाबा मुद्दाम फुशारकी मारत नाहीत, हेही लक्षात घे. अमेरिकेचे तेव्हाचे अध्यक्ष निक्सन यांच्या १९७२ च्या चीन दौऱ्याआधी फिशहॉफ आणि बेथ या संशोधकांनी विद्यार्थ्यांकडून काय काय घडेल याचे अंदाज घेतले. नंतर तेच अंदाज आठवायला सांगितल्यावर, जे घडलं होतं त्याची शक्यता आपण मुळापेक्षा जास्त धरली होती, असं त्यांना आठवू लागलं. म्हणून निष्कर्ष वाचण्याआधी आपला अंदाज कागदावर लिहायचा. तोंडी चालणार नाही.

पण म्हणून धक्कादायक ते सगळं खरं, असंही धरू नकोस. २०१५ मध्ये संशोधकांच्या मोठ्या गटाने मानसशास्त्रातले १०० अभ्यास पुन्हा करून पाहिले. मुळात त्यांपैकी सुमारे ९७ टक्क्यांमध्ये संख्याशास्त्रीयदृष्ट्या लक्षणीय, म्हणजे निव्वळ योगायोग म्हणून सहज सोडून देता येणार नाहीत असे, निकाल होते. फेरतपासणीत ३६ टक्केच उरले. तेव्हा सहभागी किती होते आणि तो प्रयोग दुसऱ्या कुणी केला का, हे शोध. पुस्तकात सापडलं नाही तर शिक्षकांना विचार. वैतागले तरी विचार.