विजयदुर्गावर इंजिन पेटलं, तर चिपी गाठायची का?

तुझा प्रश्न असा की विजयदुर्गासमोर सहा हजार फुटांवर सेनेकाचं, म्हणजे दोन इंजिनांच्या छोट्या पायपर विमानाचं, एक इंजिन पेटलं, तर दुसऱ्यावर चिपी, म्हणजे सिंधुदुर्गचा विमानतळ, गाठावी का. आग विझली तर खुशाल गाठ. विझली नाही तर चिपी विसर आणि खाली ये.

हिशेब करून बघ. विजयदुर्गाहून रत्नागिरीची धावपट्टी सरळ रेषेत साधारण ५० किलोमीटर, चिपी ६५. एका इंजिनावर १०० नॉट (ताशी सुमारे १८५ किलोमीटर) धरले तर १६ आणि २१ मिनिटं. फायरवॉलने, म्हणजे इंजिनामागच्या आगरोधक भिंतीने, सुमारे ११०० अंशांची ज्वाळा १५ मिनिटं अडवावी असा नियम आहे, पण ज्वाळा फक्त फायरवॉलवर थोडीच थांबते! काऊलिंगमधून, म्हणजे इंजिनावरच्या आवरणातून, बाहेर पडून ती पंखाच्या पत्र्याला चाटते. ॲल्युमिनिअम ६६० अंशांना वितळतं, ताकद त्याच्या बरंच आधी सोडतं. त्या पत्र्यामागे स्पार, म्हणजे पंखाचा मुख्य कणा, आहे आणि पेट्रोलची टाकी आहे.

म्हणून आधी इंधन तोडायचं. सेनेकात त्या बाजूचा फ्युएल सिलेक्टर बंद, थ्रॉटल मागे, प्रॉपेलर फेदर (पाती वाऱ्याला कडेने वळवणं), मिक्श्चर (इंधन-हवेचं मिश्रण) बंद, मग हीटर आणि डिफ्रॉस्टर बंद. विमान बदललं की क्रम बदलतो, तेव्हा आपल्या विमानाचं हँडबुक तोंडपाठ हवं. फेदरला उशीर करू नकोस. फेरे मिनिटाला ८०० च्या खाली गेले की सेनेकाचा प्रॉपेलर फेदर होत नाही आणि तो विमानाला नुसता मागे ओढत राहतो. पण घाईत भलताच लिव्हरही ओढू नकोस. कोणतं इंजिन ते मोठ्याने बोल, बोट ठेव, मग ओढ. तैपेईत ४ फेब्रुवारी २०१५ ला एका एटीआर प्रवासी विमानाचं चालू इंजिन बंद केलं गेलं आणि ४३ माणसं गेली.

माझ्यावर ही वेळ वेंगुर्ल्यावर आली होती. छोट्या विमानांत बहुधा आगीचा दिवाच नसतो. मागचा प्रवासी म्हणाला, "उजव्या बाजूचा रंग फुगतोय." मी अर्धा मिनिट गेजेसकडे बघत बसलो, आणि ते अर्धं मिनिट अजून सलतं. इंधन तोडल्यावर धूर थांबला, म्हणूनच गोव्याच्या दाबोळी विमानतळापर्यंत गेलो. एक्झॉस्टचा क्लॅम्प तडकला होता. खाऱ्या वाऱ्यात उभ्या राहणाऱ्या विमानाचे हे क्लॅम्प दर तपासणीत हात लावून बघायला सांग.

विझली नाही, तर हँडबुकातल्या मर्यादेत वेग वाढवून उतर. कधी कधी वाऱ्यानेच ज्वाळा उडते. रेडिओवर मेडे, म्हणजे संकटाची हाक, दे. देवगडचा सडा, म्हणजे कातळाचं पठार, वरून मैदानासारखा दिसतो, पण त्यावर गडगे (दगडी कुंपणं) आणि चिरेखाणी आहेत, जवळ गेल्याशिवाय दिसत नाहीत. ओहोटीची ओली पुळण, म्हणजे किनाऱ्याची वाळू, त्याहून बरी. तीही नसेल तर मासेमारीच्या होड्यांजवळ, चाकं वर ठेवून, लाटांना समांतर पाण्यावर टेकव. पावसाळ्यात मात्र उघडा समुद्र नको. तेव्हा वाघोटन खाडीचं आतलं पाणी बघ, पूल आणि विजेच्या तारा टाळून. लाइफ जॅकेट दाराबाहेर पडल्यावरच फुगवायचं, हे प्रवाशांना उड्डाणाआधीच सांगून ठेव.