मुलीला एचपीव्हीची लस : वाचकांच्या शंका आणि उत्तरं

गर्भाशयमुखाच्या कर्करोगावरच्या लसीबद्दल पालकांची बरीच पत्रं आली. शंका बहुतेकांच्या सारख्याच आहेत, म्हणून त्यातली काही पत्रं निवडून उत्तरं देत आहोत.

प्रश्न : मुलगी अकरा वर्षांची आहे, अजून पाळीही आलेली नाही. डॉक्टर मॅडम म्हणाल्या, पिशवीच्या तोंडाच्या कॅन्सरची लस आत्ताच देऊन टाका. सासूबाईंना पटत नाही. शरीरसंबंधातून लागणाऱ्या आजाराची लस एवढ्याशा पोरीला कशाला, लग्न ठरलं की बघू, असं त्या म्हणतात. — एक आई, सांगली

उत्तर : ताई, डॉक्टर मॅडम बरोबर सांगतायत. अकरावं वर्ष या लसीसाठी अगदी योग्य आहे.

हा कर्करोग एचपीव्ही नावाच्या विषाणूमुळे होतो. विषाणूचे प्रकार शंभराहून जास्त आहेत, पण १६ आणि १८ क्रमांकाचे दोन प्रकार मिळून जगभरातल्या या कर्करोगाच्या सुमारे ७० टक्के रुग्णांना कारणीभूत असतात. जननेंद्रियांच्या त्वचेच्या संपर्कातून तो पसरतो आणि इतका सर्रास आढळतो की बहुतेक स्त्री-पुरुषांना आयुष्यात कधी ना कधी त्याची लागण होतेच. त्यात कुणाच्या वागणुकीचा प्रश्न नाही. एकाच जोडीदाराशी संसार केलेल्या बाईलाही तो होऊ शकतो. दहातल्या नऊ जणींचं शरीर एक-दोन वर्षांत त्याला घालवून देतं. उरलेल्या थोड्या जणींमध्ये तो वर्षानुवर्षं मुक्काम करतो, गर्भाशयमुखाच्या पेशी हळूहळू बदलतात आणि पंधरा-वीस वर्षांनी कर्करोग होतो. चाळिशीत दिसणाऱ्या आजाराची सुरुवात विशीत झालेली असते ती अशी.

लस विषाणूला आत शिरू देत नाही. एकदा शिरलेल्या विषाणूला मात्र ती काही करू शकत नाही. म्हणूनच ती संबंध सुरू होण्याच्या बरीच आधी द्यायची असते. इंग्लंडमध्ये हे मोजलं गेलं आहे. बारा-तेरा वर्षांच्या वयात ज्या मुलींना लस देऊ केली, त्यांच्यात पुढे हा कर्करोग ८७ टक्क्यांनी कमी झाला. चौदा ते सोळा वयाच्या गटात ही घट ६२ टक्के आणि सोळा ते अठराच्या गटात ३४ टक्के होती. देश तोच आणि लसही तीच, फरक फक्त वयाचा. सासूबाईंना हे तीन आकडे जरूर सांगा.

आणखी एक गोष्ट. नऊ ते चौदा या वयात शरीर लसीला इतका जोरदार प्रतिसाद देतं की दोन डोस पुरतात. पंधराव्या वाढदिवसानंतर सुरुवात केली तर तीन लागतात आणि ते पूर्ण व्हायला सहा महिने जातात. आपल्याकडे सुपारी फुटल्यापासून अक्षता पडेपर्यंत एवढा वेळ कितीदा मिळतो?

लस दिली म्हणजे मुलीला मोकळीक दिली असं होत नाही. लस घेतलेल्या मुली लवकर संबंधांकडे वळतात का, हे अनेक देशांत तपासलं गेलं आणि तसं आढळलेलं नाही. तिला इतकंच सांगा : "ही कॅन्सर होऊ नये म्हणून घ्यायची लस आहे." अकरा वर्षांच्या मुलीला एवढं समजतं. बाकीचं बोलणं तिच्या वयाप्रमाणे, तिने विचारलं की.

प्रश्न : आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मेसेज फिरतोय की ही लस घेऊन आंध्रात आणि गुजरातेत मुली दगावल्या आणि सरकारने ती बंद केली. जपाननेही बंद केली म्हणे. मग आमच्या मुलींवर प्रयोग कशाला? — एक वडील, नाशिक

उत्तर : मेसेजमध्ये अर्धं खरं आहे, म्हणून पूर्ण हकिगत सांगतो.

२००९ साली तेव्हाच्या आंध्र प्रदेशातल्या खम्मम आणि गुजरातमधल्या वडोदरा जिल्ह्यांत मिळून सुमारे तेवीस हजार मुलींना ही लस देण्याचा प्रकल्प झाला. त्यातल्या सात मुलींचे मृत्यू झाल्याचं पुढे आल्यावर एप्रिल २०१० मध्ये सरकारने तो थांबवला. चौकशीत पाण्यात बुडणं, साप चावणं, विष पोटात जाणं, मलेरिया अशी कारणं निघाली. मृत्यूंचा लसीशी संबंध आढळला नाही. पण त्याच चौकशीत आणि पुढे २०१३ च्या संसदीय समितीच्या अहवालात दुसरी एक गोष्ट उघड झाली, ती गंभीर होती. कितीतरी मुलींच्या संमतिपत्रावर आईवडिलांऐवजी वसतिगृहाच्या वॉर्डनने सह्या केल्या होत्या. आदिवासी, गरीब घरातल्या मुली होत्या त्या. हे चूकच होतं, आणि त्यावरचा राग आम्हालाही रास्त वाटतो. तुमच्या मुलीच्या शाळेत लसीकरण होणार असेल तर कागद तुमच्या हातात यायला हवा, तुमच्या भाषेत असायला हवा आणि तो वाचून सही तुम्हीच करायला हवी.

त्याच वेळी देशात दुसरा एक अभ्यास चालू होता. त्यात पुणे आणि बार्शी ही आपल्याकडची केंद्रंही होती. दोन डोस पुरतात की तीन लागतात, हे त्यात बघायचं होतं. सरकारच्या आदेशाने तेही लसीकरण थांबलं आणि जवळपास पाच हजार मुलींना एकच डोस मिळाला. संशोधकांनी या मुलींचा पाठपुरावा सोडला नाही. दहा वर्षांनंतर दिसलं की १६ आणि १८ या प्रकारांची चिवट लागण रोखायला एक डोसही सुमारे ९५ टक्के परिणामकारक ठरला. जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर २०२२ मध्ये नऊ ते वीस वर्षांच्या मुलींसाठी एका डोसचा पर्यायही मान्य केला, त्यामागे जे पुरावे आहेत त्यात आपल्या या मुलींचा वाटा मोठा आहे.

आता जपान. तिथे जून २०१३ मध्ये सरकारने लस 'बंद' केली नाही, तिची शिफारस करणं थांबवलं. मुलींना अंगदुखी, चक्कर, हातपाय हलवता न येणं असे त्रास झाल्याच्या बातम्या टीव्हीवर झळकत होत्या. लस घेणाऱ्या मुलींचं प्रमाण सत्तर टक्क्यांवरून एका टक्क्याच्याही खाली आलं. पुढे नागोया शहरात सुमारे तीस हजार तरुण मुलींकडून चोवीस लक्षणांची माहिती घेतली, तेव्हा लस घेतलेल्या आणि न घेतलेल्या मुलींत ती सारखीच आढळली. एप्रिल २०२२ पासून जपानने शिफारस पुन्हा सुरू केली. मधली नऊ वर्षं ज्या मुलींच्या हातून गेली, त्यांच्यासाठी त्यांना वेगळी मोहीम काढावी लागली.

भारतात २०२२ या एका वर्षात या कर्करोगाचे सव्वा लाखाहून जास्त नवे रुग्ण आणि सुमारे ऐंशी हजार मृत्यू झाले असा अंदाज आहे. ग्रुपवर हाही आकडा टाका.

प्रश्न : मुलगी १४ वर्षं ८ महिन्यांची आहे. तिला दोन डोस की तीन? कोणती लस घ्यावी? किमतींत फारच तफावत आहे. — पुणे

उत्तर : पहिला डोस पंधराव्या वाढदिवसाच्या आत पडला तर दोनच पुरतात. दुसरा डोस पंधरा पूर्ण झाल्यावर आला तरी चालतं. म्हणजे तुमच्याकडे चार महिने आहेत, परीक्षा होऊ द्या म्हणत ते घालवू नका.

दोन डोसांत सहा महिन्यांचं अंतर ठेवा. घाईने पाच महिन्यांच्या आत दुसरा घेतला तर तिसरा घ्यावा लागतो, ही चूक नेहमी होते. उलट उशीर झाला, वर्ष उलटलं, तरी पहिल्यापासून सुरुवात करावी लागत नाही, राहिलेला डोस घेतला की झालं. पंधरा वर्षांपुढे ०, २ आणि ६ महिने असं वेळापत्रक असतं. एचआयव्ही असलेल्या किंवा प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं चालू असलेल्या मुलीला वय कितीही असो, तीन डोस देतात.

सर्व्हाव्हॅक ही पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची लस. ती ६, ११, १६ आणि १८ या चार प्रकारांवर काम करते. जानेवारी २०२३ मध्ये ती बाजारात आली तेव्हा खासगीत डोसाला २,००० रुपये किंमत होती. गार्डासिल या परदेशी लसीतही हेच चार प्रकार आहेत. गार्डासिल-९ मध्ये आणखी पाच प्रकार आहेत, पण तिचा डोस दहा हजारांच्या घरात जातो. नऊ प्रकारांची लस परवडत असेल तर चांगलंच, पण तिच्यासाठी पैसे साठवत दोन वर्षं थांबण्यापेक्षा चार प्रकारांची आत्ता घेतलेली केव्हाही बरी. सरकारी दवाखान्यात मोफत मिळत असेल तर निःशंक घ्या. तिथे वयाची अट असते, ती आशाताईंना आधी विचारा. दोन्ही डोस शक्यतो एकाच कंपनीचे घ्यावेत. पहिली लस मिळेनाशी झाली तर दुसऱ्या कंपनीची चालते, डोस चुकवू नका.

प्रश्न : डॉक्टरांनी मेडिकलमधून लस आणायला सांगितली. आणताना काय बघावं? आणि मुलगी सुईला फार घाबरते. — कोल्हापूर

उत्तर : शक्यतो जिथे लस ठेवलेली असते तिथेच टोचून घ्या. आणावीच लागली तर एवढं सांभाळा. ही लस २ ते ८ अंश सेल्सियसमध्ये राहिली पाहिजे, आणि गोठली तर ती वाया गेली. लोक काळजीपोटी बाटली थेट बर्फात खुपसतात आणि तिथेच घोटाळा होतो. लसीतलं प्रथिन ॲल्युमिनियमच्या क्षाराला चिकटवलेलं असतं. गोठल्यावर त्या क्षाराच्या गुठळ्या होतात आणि लसीची ताकद जाते. थंड पॅक आणि बाटली यांच्यामध्ये कापड किंवा पुठ्ठा हवा.

बाटली काही वेळ स्थिर राहिली की तळाशी पांढरा साका बसतो आणि वर निवळ पाणी दिसतं. हे बिघडल्याचं लक्षण नाही. नीट हलवली की ती सगळी एकसारखी दुधट झाली पाहिजे. हलवूनही कण तरंगत राहिले, तर ती लस घेऊ नका. लेबलवर गोलात छोटा चौकोन असेल तर तोही बघा. आतला चौकोन बाहेरच्या गोलापेक्षा फिकट हवा. दोन्ही एका रंगाचे झाले असतील तर लसीला उष्णता लागलेली आहे.

आता मुलीचं. उपाशीपोटी नेऊ नका, पोळी-भाजी खाऊन, पाणी पिऊन जा. अर्धा मिलिलिटर लस दंडाच्या स्नायूत देतात. मुलगी बसलेली किंवा आडवी असताना टोचून घ्या आणि नंतर पंधरा मिनिटं तिथेच बसवून ठेवा. या वयात सुईच्या धास्तीने भोवळ येते. खरी इजा होते ती उभ्याने पडून डोकं आपटल्यामुळे. शाळेत एक मुलगी पडली की मागच्या रांगेतल्या चौघी पडतात. म्हणून टोचण्याची जागा रांगेला दिसणार नाही अशी असावी.

दंड एक-दोन दिवस दुखतो, थोडा सुजतो, कणकण येते, डोकं दुखतं. पॅरासिटामॉल पुरतं. दंड चोळू नका. अंगावर गांधी येणं, तोंड सुजणं, श्वास अडकणं ही तीव्र ॲलर्जी असते. ती फार क्वचित, दहा लाख डोसांमागे दोन-तीन वेळा दिसते आणि बहुधा काही मिनिटांतच होते. त्यासाठीच ती पंधरा मिनिटं, आणि त्यासाठीच जिथे ॲड्रिनलिन हे ॲलर्जीवरचं तातडीचं इंजेक्शन हाताशी आहे अशाच ठिकाणी लस घ्यायची. यीस्टची तीव्र ॲलर्जी असेल किंवा पहिल्या डोसाला असा त्रास झाला असेल तर ही लस देत नाहीत. ताप चढलेला असेल तर पुढे ढकला. पाळी चालू असेल तर काही अडचण नाही.

पुढे मूल होण्यावर लसीचा परिणाम होत नाही. लसीत जिवंत विषाणू नसतो, त्याची नुसती पोकळ टरफलं असतात.

कार्डावर लसीचं नाव, बॅच नंबर आणि तारीख लिहून घ्या आणि मोबाइलमध्ये फोटो काढून ठेवा. सहा महिन्यांनी कार्ड सापडत नाही, हा घरोघरचा अनुभव.

प्रश्न : मुलाला पण द्यावी का? — ठाणे

उत्तर : हो, परवडत असेल तर. घसा, गुदद्वार आणि शिश्नाचे काही कर्करोग, तसंच गुप्तांगावरचे चामखीळ याच विषाणूमुळे होतात. डोस मुलींसारखेच. पैसे एकापुरतेच असतील तर आधी मुलीला.

प्रश्न : थोरली २३ वर्षांची आहे, लग्न तीन महिन्यांवर आलंय. आता उपयोग आहे का? आणि मी ४२ ची आहे, मी घेऊ का? — एक आई, लातूर

उत्तर : थोरलीला आजच पहिला डोस द्या. लग्नाआधी दोन होतील, तिसरा सहा महिन्यांनी सासरी असताना घेता येईल. त्याआधी कुठली तपासणी करावी लागत नाही. फक्त मध्येच दिवस राहिले तर उरलेला डोस बाळंतपणानंतर घ्यायचा. चुकून गरोदरपणात घेतला गेला तर घाबरू नका, त्यासाठी गर्भ पाडण्याची गरज नाही.

तुम्हाला मात्र लसीपेक्षा तपासणीची गरज जास्त आहे. आणि याचा पुरावा तुमच्या शेजारच्या जिल्ह्यातलाच आहे. तेव्हाच्या उस्मानाबाद, आताच्या धाराशिव जिल्ह्यात १९९९ पासून ३० ते ५९ वयाच्या एक लाख एकतीस हजारांहून अधिक बायकांवर मोठा अभ्यास झाला. ज्यांची एचपीव्हीची चाचणी आयुष्यात फक्त एकदा केली होती, त्यांच्यात पुढच्या आठ वर्षांत या कर्करोगाने होणारे मृत्यू जवळपास निम्मे झाले. मुंबईच्या वस्त्यांमध्ये टाटा मेमोरियलच्या अभ्यासात साध्या प्रशिक्षित कार्यकर्त्यांनी व्हिनेगर, म्हणजे पातळ ॲसिटिक ॲसिड, लावून तपासणी केली, तिथेही मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले.

व्हिनेगरची तपासणी सरकारी दवाखान्यांत तीस वर्षांपुढच्या बायकांसाठी असते. ॲसिड लावल्यावर मिनिटभराने बदललेला भाग पांढरा दिसतो. पाच-दहा मिनिटांचं काम, भूल नाही, दुखत नाही, जरासं चुणचुणतं. दर पाच वर्षांनी करायची. एचपीव्हीची चाचणी मिळाली तर ती अधिक भरवशाची. पाळी संपल्यावर आठवडाभराने जा, दोन दिवस आधी योनीत औषध घालू नका. संबंधानंतर रक्त जाणं, पाळी गेल्यावर पुन्हा रक्त दिसणं, वास येणारं पांढरं जाणं, यातलं काही असेल तर तपासणीच्या तारखेची वाट न बघता लगेच डॉक्टरांना दाखवा.

थोरलीने लस घेतली तरी तिशीनंतर तिलाही तपासणी करावीच लागेल, कारण लसीत नसलेले प्रकार उरतातच. तिला डोस द्यायला न्याल, त्याच दिवशी तुमच्या तपासणीची चिठ्ठी काढून घ्या.